चपलेचं श्रेय मिळालं, कातड्याचा हिशेब बाकी

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि पुढचे काही आठवडे महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. चप्पल आमची, शिक्का त्यांचा, किंमत लाखाच्या घरात आणि कोल्हापूरचा साधा उल्लेखही नाही. राग रास्तच होता. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र धाडलं. भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीने उत्तरात मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. मग डिसेंबरात महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर आणि प्राडा यांच्यात करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून २,००० जोड बनवायचे, जोडाची किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे आपले ऐंशी हजारांहून जास्त. कारागिरांना प्रशिक्षण आणि वाजवी मोबदला देऊ, असंही कंपनीने सांगितलं.

श्रेयाचं भांडण असं स्वस्तात मिटलं. श्रेय द्यायला कंपनीला एक पत्र आणि एक लेबल पुरतं. चेंबरच्या पत्राला उत्तर देणारे गृहस्थ कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाचे प्रमुख होते, ही बाब मला तेव्हाच बोलकी वाटली होती. आपला राग तिकडे ज्या कपाटात ठेवला गेला, त्या कपाटावर ‘जोखीम’ अशी चिठ्ठी आहे.

युरोपातला मोठा ब्रँड एखाद्या मालाला हात घालतो तेव्हा त्याच्यामागून प्रश्नावली येते. कातडं कुठलं? कोणत्या टॅनरीत, म्हणजे कातड्याचं चामडं करणाऱ्या कारखान्यात, कमावलं? कोणती रसायनं पडली? सांडपाणी कुठे गेलं? कामावर कुणी अल्पवयीन होतं का? पुरवठा साखळीतली शाश्वततेची जोखीम सांभाळायची म्हणजे ही प्रश्नावली भरून घ्यायची, असा एकंदर रिवाज आहे. त्यात जोखीम मोजली जाते ती कंपनीची. कंटेनर बंदरातून परत आला, नाव पेपरात आलं, शेअर घसरला, तर ते नुकसान. नदी काळी झाली किंवा चुन्याच्या हौदात उभं राहून माणसाचे पाय सोलले गेले, तर त्याची नोंद होते ती ते कंपनीपर्यंत पोचण्याची शक्यता असेल तेव्हा. आणि प्रश्नावली भरण्याचा खर्च मात्र साखळीत जो जितका खाली, त्याच्या माथी तितका जास्त. चामड्याच्या धंद्यात पैसा वर चढतो आणि जोखीम खाली उतरते. ही दिशा न बदलणारी कोणतीही ‘शाश्वतता’ माझ्या लेखी कागदोपत्री आहे, मग तिला सोन्याचं मानांकन असो की चांदीचं.

कोल्हापुरीच्या बाबतीत हे नीट पाहायला हवं, कारण या चपलेला जन्मजात ‘हिरवी’ म्हणून मिरवायची सोय आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा नाही, शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीची. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या बातम्यांत हेच कौतुक होतं. मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कौतुक खोटं नाही. पण ज्याने ही कमावणी जवळून पाहिली आहे तो ‘निसर्गस्नेही’ हा शब्द जरा जपून वापरेल.

ओलं किंवा खारवलेलं कातडं आधी पाण्यात भिजवायचं, मग चुन्याच्या हौदात टाकायचं. केस सुटेपर्यंत ते रोज वरखाली करावं लागतं. केस काढून झाले की उलट्या बाजूचं मांस आणि चरबी पात्याने तासायची. चुना धुऊन काढायचा. मग सालीच्या पातळ पाण्यात एक मुरवण, आणि त्यानंतर या पद्धतीचं वैशिष्ट्य असलेलं काम: कातडं कडेने शिवून त्याची पिशवी करायची, ती बांबूला उलटी टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल, हिरडा आणि त्यांचा काढा भरायचा. काढा कातड्यातून झिरपत खाली ठिबकतो. खाली जमलेला पुन्हा वर ओतायचा. एक बाजू मुरली की टाके उसवून पिशवी उलटी करायची, पुन्हा शिवायची, पुन्हा टांगायची. तयार चामड्याला येणारा तो लालसर बदामी रंग कशाने दिलेला नसतो, तो सालीचाच असतो. सगळ्याला काही आठवडे लागतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, हेच काम एका दिवसात होतं.

आता यातलं वाया काय जातं ते पाहा. चुना, केस, मांसाचे तुकडे, आणि चहाच्या काढ्यासारखं गडद पाणी. क्रोम नाही हे खरं, पण ते पाणी ओढ्यात गेलं तर ओढ्यातला प्राणवायू खातं, आणि टॅनिनचा रंग सहजासहजी जात नाही. चार घरं कमावत होती तोवर गावाने ते सोसलं, म्हणजे गावाच्या ज्या टोकाला ती घरं होती त्या टोकाने सोसलं. ती घरं ढोर समाजाची. गावगाड्याने जागा ठरवली होती ती वाऱ्याची दिशा पाहूनच. परंपरेचं गुणगान करताना ही भूगोलाची बाजू सोईस्करपणे गळते.

शिवाय हिरडा काही कारखान्यात बनत नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी बायाबापड्या तो गोळा करतात, वाळवतात, विकतात. एकेकाळी सह्याद्रीतला हिरडा युरोपातल्या टॅनऱ्यांपर्यंत जायचा. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी आदिवासींना लढावं लागलं. हिरडा हे पीक मानायचं की रानातली वस्तू, यावरच घोडं अडलं होतं. ‘वनस्पतीजन्य कमावणी’ असं लेबलावर छापणाऱ्या किती जणांना आपल्या साखळीचं हे टोक ठाऊक असेल? प्रश्नावलीत त्याचा रकाना नाही.

असो. मुळात आज कोल्हापुरात शिवल्या जाणाऱ्या चपलेचं बरंचसं चामडं कोल्हापुरात कमावलेलंच नसतं. ते तमिळनाडूकडून येतं, इतर ठिकाणांहूनही येतं. स्थानिक कमावणी आटत गेली त्याला कारणं अनेक. मेहनत जास्त, मोबदला कमी, पोरं शिकून बाहेर पडली, आणि कातडंच मिळेनासं झालं. या शेवटच्या कारणाबद्दल उघडपणे बोलायला सगळे कचरतात, म्हणून तिथे जरा थांबतो.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायदा कायम ठेवला, पण दोन कलमं रद्द केली. त्यातलं एक आपलं निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावं असं सांगणारं होतं. कर्नाटकचा नवा, अधिक कडक कायदा २०२१ पासून लागू झाला. कत्तलीवरच्या बंदीबद्दल ज्याचं त्याचं मत असू शकतं, माझंही आहे, पण तो आजचा विषय नाही. विषय असा की म्हातारपणाने, रोगाने, साप चावून मेलेल्या जनावराचं कातडं काढायला या कायद्याची मनाई नाही. आणि तरीही ते कातडं टेम्पोत घालून तालुक्याला नेणं हे आज धाडसाचं काम झालं आहे. रस्त्यात गाडी अडवणारा टोळकेवाला कलमं वाचून येत नाही. कातड्याकडे पाहून जनावर कसं मेलं हे कुणाला सांगता येत नाही, आणि ‘हे मेलेलंच होतं’ असं लिहून देणारा साधा कागद आपल्या व्यवस्थेत सर्रास मिळत नाही.

जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या दलित कुटुंबातल्या तरुणांना गाडीला बांधून, उघड्यावर फटके मारण्यात आले. त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. चामड्याच्या साखळीतली सर्वांत पहिली कडी ती आहे. जगभर वापरली जाणारी ऑडिटं, मानांकनं मुख्यतः टॅनरीच्या फाटकापासून सुरू होतात: पाणी किती वापरलं, वीज किती, रसायनांचा साठा कसा ठेवला. फाटकाच्या अलीकडे कातडं कुणी, कशाने, कोणत्या भीतीखाली सोललं, हे ‘कच्च्या मालाचा स्रोत’ या एका ओळीत बसवलेलं असतं. हिंसेचा धोका ज्या माणसाला आहे त्याचं नावही त्या कागदात येत नाही.

आता त्यात युरोपचा नवा कायदा. २०२३ साली युरोपीय संघाने जंगलतोडीशी जोडलेला माल रोखण्यासाठी नियम केला. त्याच्या यादीत गुरं, गुरांचं कातडं आणि कमावलेलं चामडं घातलं. जनावर जिथे जिथे पाळलं गेलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश द्या, आणि ती जमीन ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेली नाही हे दाखवा, अशी त्याची मागणी. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. गंमत अशी की यादीत चामडं आहे, चामड्याचे जोडे-चपला नाहीत. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचं जंगल जाळून कुरणं काढणाऱ्या गोठ्यांसाठी हा नियम अर्थपूर्ण आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण २०१९ च्या पशुगणनेत आपल्याकडे १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, त्या बहुतांश एक-दोन जनावरांच्या दावणीतल्या. कातड्यासाठी इथे कुणी जनावर पाळत नाही. शिरोळच्या एखाद्या शेतकऱ्याची म्हैस मेली तर तिचं कातडं चार-पाच हातांतून फिरत टॅनरीत पोचतं आणि तिथे शेकडो कातड्यांच्या थप्पीत मिसळतं. अक्षांश-रेखांश कुणी लिहायचे? सोलणाऱ्याने? तो लिहील, पण त्या लिहिण्याचे पैसे त्याच्या दरात येणार आहेत का, हे आधी सांगा.

इथे एक सोपी पळवाट असते: पारंपरिक समाजांना त्यांचं पारंपरिक काम सन्मानाने करू द्या, म्हणजे साखळी सुरक्षित होईल. हे ऐकलं की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. मार्च १९२७ च्या महाड परिषदेपासून त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ढोरं ओढायचं सोडा असं सांगितलं. ढोरं ओढणं सोडलं तर हाडं-शिंगं-कातड्याचं एवढं उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणारे तेव्हाही होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण काढली आणि त्यांचं उत्तर साधं होतं: एवढा फायदा असेल तर तुम्हीच करा. त्या उत्तराला आजही तोड नाही. कुणाला तरी हे काम करावंच लागणार असेल तर ते जातीवरून आलेलं काम म्हणून नको. पगार, हातमोजे, गमबूट, यंत्र, विमा आणि ओळखपत्र असलेली नोकरी म्हणून हवं. तालुक्याला एक मृत जनावर संकलन केंद्र, पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला, त्या दाखल्याचा क्रमांक कातड्याला लावलेला. २०२२ मध्ये लम्पीने महाराष्ट्रात हजारो जनावरं मेली, तेव्हा त्यांची विल्हेवाट कशी लावायची या चिंतेने ग्रामपंचायती हैराण झाल्या होत्या. रोगट जनावर पुरायचं आणि निरोगी कातडं वेगळं काढायचं हे ठरवणारी यंत्रणा त्यासाठीही लागतेच. याने एकाच वेळी तीन गोष्टी साधतात: रोगराई आवरते, युरोपचा कागद तयार होतो आणि रस्त्यात गाडी अडवणाऱ्याच्या तोंडावर फेकायला सरकारी शिक्का मिळतो. खर्च आहे. तो कुणी करायचा यावर पुढे येतो.

आधी तमिळनाडूकडे जायला हवं, कारण उद्या मागणी वाढली की चामडं तिकडूनच येणार, आणि त्या चामड्याचा इतिहास आपल्या देशाच्या पर्यावरण कायद्याचा पाया आहे.

जगातलं ८० टक्क्यांहून जास्त चामडं क्रोमने कमावलं जातं. पिंपात घातलेल्या क्रोमपैकी साधारण ६० ते ७० टक्के चामड्यात मुरतं. बाकीचं पाण्याबरोबर बाहेर. एक टन कच्च्या कातड्यातून दोन-अडीचशे किलोच चामडं हाती येतं, उरलेला सगळा भार गाळ, कचरा आणि सांडपाणी. क्रोमची चर्चा खूप होते, मिठाची होत नाही. कातडं सडू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ३०-४० टक्के मीठ त्यावर चोळलेलं असतं. टॅनरीत पहिल्या भिजवणीला ते सगळं पाण्यात उतरतं. क्रोम गाळात पकडता येतं, मीठ पाण्यातून सहज निघत नाही. ते जमिनीत मुरतं, विहिरीत येतं, आणि मग ती विहीर शेतीच्या कामाची राहत नाही.

वेल्लोर, आंबूर, राणीपेट, वाणियमबाडी या पालार नदीच्या खोऱ्यात हेच झालं. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्ट १९९६ चा निकाल वाचा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या केंद्राच्या पाहणीचा त्यात उल्लेख आहे: चर्मोद्योगाच्या पट्ट्यातली जवळपास ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक. दिंडिगुलकडच्या १३ गावांतल्या ४६७ विहिरी तपासल्या, त्यातल्या ३५० खराब. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं त्याच निकालात सांगितलं आणि प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड लावला. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा निकाल पाठ करतो. पालार मात्र काही पाठांतराने सुधारली नाही. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले १० कामगार गाळात गाडले गेले. ज्या केंद्रावर पर्यावरण वाचवण्याची भिस्त, त्याच केंद्राच्या गाळात. आणि ३० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पहिल्या निकालानंतर २८ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा वेल्लोरच्या शेतकऱ्यांना भरपाई द्या आणि प्रदूषकांकडून वसूल करा, असा आदेश काढावा लागला.

अठ्ठावीस वर्षं काय अडलं? तंत्र ठाऊक होतं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून आहे. प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, काहींनी पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसवली. तीत पाणी शुद्ध होतं आणि मागे मिठाचा डोंगर उरतो, ज्याला गिऱ्हाईक नाही. अडलं ते चालवण्याच्या खर्चापाशी. पंप फिरवायला वीज लागते, वीज पैशाने येते, आणि चामड्याचा फुटामागे दर ठरवताना खरेदीदार त्या विजेचा हिशेब धरत नाही. धरायला लावणारा कुणी नाही. मग रात्री केंद्र बंद ठेवणं हा टॅनरीवाल्याचा ‘नफा’ होतो.

पण खरेदीदाराने मनावर घेतलं तर हीच साखळी किती चटकन हलते याचा दाखलाही याच धंद्यात आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीने पेन्टाक्लोरोफिनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली. भारतीय निर्यात अडचणीत आली. ओरड झाली, पण थोड्याच काळात पर्यायी रसायनं आली आणि माल पुन्हा जाऊ लागला. पुढे ॲझो या कृत्रिम रंगांचं तसंच. मे २०१५ पासून युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोम, म्हणजे क्रोमचं घातक रूप, किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, हा नियम आला आणि तोही बहुतांशी पाळला जातो. या सगळ्या नियमांत एक साम्य आहे. ते तयार मालाची तपासणी करतात. म्हणजे हॅम्बर्गमधल्या बाईच्या पायाला पुरळ येऊ नये याची हमी मिळते, आणि मिळावीच. वाणियमबाडीच्या बाईच्या विहिरीची हमी त्यात नाही. चामडं चाचणीत शंभर टक्के पास आणि ते कमावणारी नदी मेलेली, हे एकाच बॅचमध्ये शक्य आहे.

कुणी म्हणेल, हा सगळा पाश्चात्त्यांचा दांभिकपणा, आपल्या निर्यातीला घातलेले अडसर. त्यात तथ्य आहे. टस्कनीतल्या सांता क्रोचे या चर्मोद्योगाच्या नावाजलेल्या पट्ट्यात टॅनऱ्यांची सामायिक, अत्याधुनिक प्रक्रिया व्यवस्था आहे. तिथेही २०२१ मध्ये टॅनरीच्या गाळाची राख रस्त्याच्या भरावात वापरल्याचा आरोप होऊन मोठा तपास सुरू झाला. तेव्हा इटलीने आपल्याला शिकवण्याचं कारण नाही, हे मान्य. पण त्यावरून आपल्याला पालार नासवण्याचा परवाना मिळतो असं समजणाऱ्यांनी आधी पालारकाठची जमीन विकत घेऊन दाखवावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. छोटा कारागीर या कागदांच्या ओझ्याखाली मरेल, त्याला सगळ्यातून सूट द्या. मला सूट हा उपाय पटत नाही, कारण सूट मिळालेला माल नेहमी स्वस्त दुकानात जातो, आणि कारागीर तिथेच अडकून पडतो. कानपूरच्या टॅनऱ्यांच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जो उद्योग किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, तसाच जी टॅनरी प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा उभारू शकत नाही तिलाही नाही. तर्क बिनतोड आहे, पण अर्धा आहे. टॅनरीला ती यंत्रणा परवडत नाही याचं एक कारण असं की तिचा माल घेणारा तिला परवडेल असा दर देत नाही. स्वच्छ चामड्याचा दर जो ब्रँड देऊ शकत नाही, त्याला चामड्याचा माल विकण्याचा हक्क कुठून आला, हा निकालाचा दुसरा अर्धा भाग अजून कुणी लिहिलेला नाही.

तो न लिहिता टॅनऱ्या नुसत्या हलवल्या की काय होतं हे ढाक्याने दाखवलं. तिथल्या हजारीबाग भागातल्या टॅनऱ्या २०१७ मध्ये सावरला नेल्या. बुरीगंगा नदीचं दुखणं धलेश्वरी नदीला जडलं. धारावीतही तेच, जरा सभ्यपणे. टॅनऱ्या बंद होत गेल्या, चामड्याच्या बॅगांची दुकानं झगमगत राहिली. मुंबईकराला आता वास येत नाही, आणि वास आला नाही की प्रश्नही सुटल्यासारखा वाटतो. चामडंच नको, रेक्झिन वापरा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की त्यांची ‘व्हीगन’ चप्पल प्लास्टिकची असते, दोन पावसाळ्यांत तिच्या चिंध्या होतात आणि ती पुढची कित्येक वर्षं उकिरड्यावर पडून राहते. चांगली कोल्हापुरी तेल पाजलं तर वर्षानुवर्षं चालते आणि तळ गेला तर तळ बदलता येतो. टिकाऊपणा हा शाश्वततेचा सर्वांत जुना निकष आहे, तो कुठल्याच मानांकनाच्या पहिल्या पानावर का नसतो कोण जाणे.

तर मग कोल्हापूरचं काय करायचं?

जुलै २०२५ मध्ये लिडकॉमने कोल्हापुरीला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. कोड स्कॅन केला की कारागीर, जिल्हा, कच्चा माल, मानांकन यांची माहिती मिळते. चांगली सुरुवात आहे. आता त्यात टॅनरीचं नाव, गाव आणि तिच्या सांडपाण्याच्या ताज्या चाचणीचा आकडा घाला. ‘चामडं’ एवढं लिहून भागणार नाही. आणि वेणी कुणी घातली तेही लिहा. चपलेच्या अंगठ्याच्या पट्ट्यावरची ती बारीक चामड्याची वेणी आणि बरंचसं नाजूक काम घरात बायका करतात. स्वयंपाक उरकून, मांडीवर पाट घेऊन, चामड्याच्या दोऱ्यासारख्या पातळ चिरांनी. रापी आणि आरी चालवणाऱ्या पुरुषाचं नाव कोडमध्ये येतं; वेणीवालीला मोबदला नगावर आणि तोही बहुधा घरच्या हिशेबात जिरलेला. ब्रँडच्या प्रश्नावलीत घरी बसून माल बनवणारा कामगार हा मोठा ‘धोक्याचा मुद्दा’ असतो, म्हणून कंपन्या सांगतात की काम घरातून हलवा, एका छताखाली आणा. तसं झालं तर पहिल्यांदा बाहेर पडतील त्या याच बाया. घरी काम करणं हा धोका नाही. त्या कामाचा दर कुणालाच माहीत नसणं हा धोका आहे.

दुसरं, कोल्हापूर परिसरात सालीच्या कमावणीचं एक सामायिक केंद्र, स्वतःच्या प्रक्रिया यंत्रणेसह. क्रोम नसलेलं आणि ओलं, कमी मिठाचं स्थानिक कातडं घेणारं केंद्र स्वच्छ ठेवणं हे राणीपेटच्या केंद्रापेक्षा किती तरी सोपं आणि स्वस्त. इचलकरंजीच्या सांडपाण्याने आधीच टेकीला आलेल्या पंचगंगेत आणखी भर घालायची नसेल तर ते आजच, उत्पादन वाढण्याआधी उभारायला हवं. तालुक्यांतली मृत जनावर संकलन केंद्रं त्यालाच जोडता येतील.

आणि पैसा. २,००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो, आपले साडेसोळा कोटींहून जास्त रुपये, एका मर्यादित मालिकेचे. यातला कारागिराच्या हातात किती, वेणीवालीच्या हातात किती, कातडं सोलणाऱ्याच्या हातात किती, आणि सांडपाण्यावर किती, हे चार आकडे मिळाले तर जोखीम कोण सांभाळतंय ते कळायला तज्ज्ञ लागणार नाही. मोठ्या ब्रँडशी करार करताना ‘ऑडिटचा खर्च पुरवठादाराचा’ हे कलम बऱ्याचदा असतं. सरकारी महामंडळ वाटाघाटीला बसतं तेव्हा त्याने ते उलटवून घ्यायला हवं: तपासणी, चाचणी, कागद, प्रक्रिया यांचा खर्च खरेदीदाराचा, कारागिराचा दर त्यातून वगळून, आणि मागणी रद्द झाली तर कापलेल्या चामड्याचे पैसे पूर्ण. एकट्या कारागिराला ही अट घालता येत नाही, दोन राज्यांच्या महामंडळांना येते. नाहीतर ती मध्ये कशाला आहेत?

प्राडाबरोबरची भागीदारी तीन वर्षांची आहे. पहिली मालिका निघाली म्हणून बाकीच्या अटी ठरून गेल्या असं होत नाही. लिडकॉम जनतेच्या पैशावर चालतं; जोडामागचा कारागिराचा दर आणि चामड्याचा स्रोत त्याने संकेतस्थळावर टाकावा, आणि टाकला नाही तर मिलानच्या वेळी ज्या आमदार-खासदारांनी पत्रकं काढली होती त्यांनी तो सभागृहात तारांकित प्रश्न विचारून मागावा.